कॅलेंडरची बारा कोरी पानं

आपल्याकडे बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर एक कॅलेंडर असतं. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा दिवस असं सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि कुठल्यातरी चौकटीच्या कोपऱ्यात एक लहानशी फुली असते, जिचा अर्थ घरात एकाच बाईला माहीत असतो. ती पाळीची तारीख.

बचत गटाच्या बैठकीत किंवा हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांशी पाळी जाण्याबद्दल बोलायला बसले की मी सुरुवात या फुलीपासून करते. आधी विचारते, पहिल्या पाळीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं होतं? उत्तरं पटापट येतात. आई, थोरली बहीण, काकू, शाळेतल्या बाई. सांगितलेलं अर्धंमुर्धं असेल, पण कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. मग विचारते, शेवटच्या पाळीबद्दल कुणी सांगितलं? सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. थोड्या वेळाने एखादी म्हणते, "त्यात काय सांगायचं ताई? सुटलो एकदाच्या."

सुटका खरी आहे, ती मी नाकारत नाही. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं कपडे, डाग, पोटदुखी आणि शिवाशिव सांभाळली तिला हायसं वाटणारच. पण त्या सुटकेच्या आधी आणि नंतर मिळून काही वर्षांचा जो पट्टा असतो, त्यात शरीर काय काय करतं हे आधी ठाऊक नसलं की बाई घाबरते, नाहीतर मुकाट्याने सोसते. मला यातलं सोसणं जास्त खुपतं, कारण यातल्या बऱ्याच त्रासांवर इलाज आहेत.

मोजायचं कसं

डॉक्टरी व्याख्या साधी आहे. शेवटची पाळी येऊन सलग १२ महिने झाले, मधे एकदाही रक्त दिसलं नाही आणि गरोदरपण किंवा औषधं असं दुसरं काही कारण नाही, की रजोनिवृत्ती झाली. म्हणजे कॅलेंडरची बारा पानं कोरी. अकराव्या महिन्यात फुली पडली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे 'ही आपली शेवटची पाळी' हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही, वर्षभराने मागे पाहिल्यावर कळतं.

युरोप-अमेरिकेत पाळी सरासरी ५१ व्या वर्षाच्या सुमाराला जाते, भारतात ४६-४७ च्या आसपास. इंटरनेटवरची बरीच माहिती तिकडची असल्यामुळे आपल्याकडे ४३ वर्षांच्या बाईला 'तुमचं अजून वय नाही' असं सांगितलं जातं. वय असतं. मात्र चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ती नेहमीची गोष्ट मानून सोडून देऊ नये. तिचं कारण शोधावं लागतं आणि हाडांसाठी, हृदयासाठी लवकर उपचार सुरू करावे लागतात.

आत काय घडतं तेही सांगते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून दहा ते वीस लाख बीजं असतात. नवी तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पुढच्या सगळ्या वर्षांत जेमतेम ४००-५०० पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरतात. हा साठा हजाराच्या आसपास आला की पाळीचं चक्र थांबतं. बीजाभोवतीच्या पेशीच इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवत असल्यामुळे बीजं संपली की तेही आटतं. आता हे इस्ट्रोजेन काही फक्त गर्भाशयासाठी नव्हतं. मेंदू, हाडं, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्राशय, योनीमार्ग, सगळीकडे त्याचं काम चालायचं. म्हणून तर तक्रारी इतक्या विखुरलेल्या असतात की बाईला त्यांचा एकमेकींशी संबंधच लागत नाही. गुडघ्यासाठी एक डॉक्टर, झोपेसाठी दुसरा, लघवीच्या जळजळीसाठी तिसरा.

इस्ट्रोजेन एका रेषेत शांतपणे उतरत नाही, ही यातली गंमतीची नव्हे तर त्रासाची गोष्ट. पाळी जाण्याआधीची चार-पाच वर्षं, कुणाची त्याहून जास्त, ते हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. दोन-अडीच महिने पाळी नाही, आणि मग एकदम अंगावर इतकं जातं की बाई गळून जाते. पाळी पुढे-मागे होणं या वयात चालायचंच. पण तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या पुढे रक्त जात असेल किंवा दोन पाळ्यांच्या मधे वा संबंधांनंतर डाग दिसत असेल तर 'आता जायची वेळ आलीय म्हणून होतंय' असं स्वतःच ठरवू नये. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांना रक्त कमी आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्यात असं रक्त जात राहिलं तर जिना चढताना धाप लागते, आणि दोष वयाला दिला जातो.

आणखी एक गोष्ट बायका कानात विचारतात. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहण्याची भीती गेली का? नाही गेली. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायला सांगतात.

वाफा

डॉक्टर हॉट फ्लॅश म्हणतात, आपल्या बायका वाफा म्हणतात आणि तो शब्द जास्त नेमका आहे. छातीतून गरम लाट उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते, कान तापतात, घामाच्या धारा लागतात, छातीत धडधडतं. एक ते पाच मिनिटं. मग घाम वाळताना थंडी वाजते. रात्री झालं तर पांघरूण फेकायचं, पंखा वाढवायचा, थोड्या वेळाने पुन्हा पांघरूण ओढायचं, आणि शेजारी झोपलेल्याने विचारायचं, "काय चाललंय तुझं?"

हे मनाचे खेळ नाहीत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथे शरीराचं तापमान सांभाळलं जातं. एरवी तापमान अर्ध्या अंशाने इकडेतिकडे झालं तरी तो फारसं मनावर घेत नाही. त्याच्या शेजारच्या काही चेतापेशींना आजवर इस्ट्रोजेन लगाम घालत होतं. लगाम सुटला की त्या पेशी जास्त चेकाळतात आणि तापमानाच्या केंद्राला सारखी खबर देतात, अंग तापलंय, उष्णता बाहेर काढा. चहाचा एक घोट, चुलीजवळचा जाळ, कुणाशी झालेली बाचाबाची एवढंही त्याला पुरतं. मग त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. शरीर उष्णता बाहेर टाकत असतं, खरं तर गरज नसताना. ही यंत्रणा कळल्यामुळेच नेमक्या त्या चेतापेशींवर काम करणारी, हार्मोन नसलेली गोळी निघाली. फेझोलिनेटंट असं तिचं नाव, आणि अमेरिकेत तिला २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

किती दिवस चालतं? 'वर्ष-सहा महिने' असं सांगायची पद्धत आहे. अमेरिकेत हजारो स्त्रियांना वर्षानुवर्षं भेटून केलेल्या स्वान या मोठ्या अभ्यासात, ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्या त्रासाचा मध्यांक ७.४ वर्षं निघाला. म्हणजे निम्म्या जणींना त्याहूनही जास्त काळ. हा आकडा मी भीती घालायला सांगत नाही. सात वर्षं दात-ओठ खाऊन काढायची नसतात, एवढ्यासाठी सांगते.

घरी काय करता येईल? पुन्हा कॅलेंडर. वाफ आली की त्या तारखेला एक टिंब, आणि जमलं तर आधी काय झालं होतं ते एका शब्दात. चहा, तिखट, भांडण, ओटा. महिनाभरात आपापलं कारण सापडतं, आणि ते प्रत्येकीचं वेगळं असतं. सुती कपडे, उशाशी पाणी, स्वयंपाकघरात पंखा किंवा निदान उघडी खिडकी, भाकऱ्या थापायची वेळ सकाळच्या गारव्यात नेणं. यातल्या खिडकीचा मुद्दा मी घरच्या पुरुषांसमोर मुद्दाम काढते, कारण ती पाडून घेण्याचा निर्णय बऱ्याच घरांत बाईच्या हातात नसतो. वजन जास्त असेल तर ते उतरल्यावर वाफा कमी होतात असं दिसलं आहे. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या स्त्रियांची पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते. आपल्याकडे बायका ओढत नसतील, पण मशेरी लावणाऱ्या खूप आहेत. मशेरीसुद्धा तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारण. ती सोडायला पाळी जाण्याची वाट कशाला बघायची?

विचारांची सवय बदलायला शिकवणारी एक मानसोपचार पद्धत आहे, सीबीटी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी तिच्या चाचण्या घेतल्या. वाफांची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांचा जाच घटला. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. वाफ आली की 'सगळे माझ्याकडे बघतायत, आता काय होणार' ही जी दुसरी लाट मनात उठते, ती आवरता येते. आणि ती आवरण्याची सुरुवात, आपल्याला काय होतंय हे कळण्यापासून होते.

सोयाबीन, अळशी, शतावरी? अळशीची चटणी जरूर खा, चांगलीच आहे. पण वाफांवर तिचा उपयोग होतो याचा पुरावा कच्चा आहे. महागडे डबे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी हे माहीत असावं.

ज्याला वाफ म्हणत नाहीत ते

आपल्याकडच्या पाहण्यांत वाफांइतक्याच, बऱ्याचदा त्याहून जास्त, सांधेदुखी, अंगदुखी आणि थकवा या तक्रारी आढळतात. त्यात भर झोप मोडण्याची, चिडचिडीची, ऐनवेळी शब्द न आठवण्याची. ओट्यापाशी जाऊन आपण कशाला आलो हे विसरणं. मेंदूला इस्ट्रोजेनशिवाय चालायची सवय होईपर्यंत असं होतं, आणि बहुतेकींचं पुढे सुधारतं. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात नसते. चिडचिडीचं मात्र वेगळं सांगायला हवं. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत नैराश्याचा धोका खरोखर वाढतो, पूर्वी बाळंतपणानंतर उदासी आलेली असेल तर जास्तच. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते स्वभावावर ढकलू नये. त्यावर उपचार असतात.

इथे एक धोका उलट बाजूचाही आहे. पंचेचाळिशीनंतर बाईला काहीही झालं की 'मेनोपॉज' म्हणून मोकळं व्हायचं. थायरॉइड कमी झालं तरी थकवा, वजन, विसरणं. जास्त झालं तरी घाम आणि धडधड. रक्त कमी असलं तरी धाप. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब एवढं एकदा तपासून घ्यावं. पाळीच्या हार्मोनची तपासणी पंचेचाळिशीनंतर सहसा लागत नाही, ती रोज बदलते, तिच्यावर खर्च करू नये. आणि छातीत दाब, थंड घाम, जबड्यात किंवा हातात कळ, श्वास अपुरा असं एकत्र झालं तर ती वाफ समजून पडून राहू नये, थेट दवाखाना गाठावा. पाळी गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि हृदयविकारापासून असलेलं स्त्रियांचं संरक्षण हळूहळू संपतं.

सगळ्यात शेवटी, दाराशी थांबून विचारलं जाणारं

बैठक संपते, चहा होतो, बायका पांगतात, आणि एखादी चपला घालताना रेंगाळते. "ताई, एक विचारायचं होतं." ते काय असणार हे मला आता कळतं. योनीमार्ग कोरडा पडलाय, संबंधांच्या वेळी आग होते, नवऱ्याला वाटतं ही टाळतेय. किंवा खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी होते. किंवा वर्षात चौथ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालंय.

इस्ट्रोजेन आटल्यावर योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा आणि लवचीकपणा जातो. तिथल्या उपकारक जिवाणूंमुळे जो आंबटपणा टिकायचा तो कमी होतो, म्हणून इन्फेक्शन पुन्हा पुन्हा येतं. वाफा काही वर्षांनी ओसरतात, पण हा कोरडेपणा उपचार न करता आपोआप बरा होत नाही, उलट वाढतो. आणि नेमका हाच त्रास सांगितला जात नाही.

उपाय सोपे आहेत. संबंधांच्या वेळी पाण्याचा अंश असलेलं वंगण जेल मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. खोबरेल तेल काही जणी वापरतात, पण निरोध वापरत असाल तर तेलाने रबर कमजोर होतं. तेवढ्याने भागलं नाही तर योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मलम असतं. ते जवळपास जागच्या जागीच काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे गोळ्यांबद्दलची भीती त्याला लागू होत नाही. लघवीचं वारंवार होणारं इन्फेक्शनही त्याने कमी होतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं. साबणाने, डेटॉलने आतून धुणं बंद करावं, त्याने कोरडेपणा वाढतो.

लघवी निसटण्यावर कीगल व्यायाम आहे. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसमध्ये, भाजी निवडताना, कुणाला कळतही नाही. फरक दिसायला तीन महिने लागतात, तेव्हा आठवड्याभरात सोडून देऊ नका.

हार्मोनच्या गोळ्या आणि २००२ ची भीती

वाफांवर आजही सगळ्यात परिणामकारक औषध म्हणजे इस्ट्रोजेन. तरीही 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं आहे की नाव काढलं की मान हलते. ते आलं कुठून हे सांगितल्याशिवाय जात नाही, म्हणून थोडं सविस्तर.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड अभ्यास सुरू होता. हार्मोनमुळे उतारवयातला हृदयविकार टळतो का, हा त्याचा प्रश्न होता. वाफांचा त्यात विचार नव्हता. १६,६०८ स्त्रियांच्या गटात निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची (म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या बनवलेल्या हार्मोनची) गोळी, निम्म्यांना खोटी गोळी. जुलै २००२ मध्ये तो भाग मधेच थांबवला गेला आणि जगभर बातम्या झाल्या. बायकांनी रातोरात गोळ्या सोडल्या.

आकडे असे होते. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमध्ये खोट्या गोळीच्या गटात ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, खऱ्या गोळीच्या गटात ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. बातमीत मात्र 'धोका २६ टक्क्यांनी वाढला' असं आलं. दोन्ही खरं आहे, पण ऐकणाऱ्या बाईच्या मनात दोन्हीचं वजन किती वेगळं पडतं! शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायकांवरून काढलेला निष्कर्ष ४८ वर्षांच्या, वाफांनी हैराण झालेल्या बाईला जसाच्या तसा लावला गेला. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही.

पुढच्या वर्षांत चित्र स्पष्ट झालं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास बराच असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय जागेवर असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढून तिथल्या कॅन्सरचा धोका निर्माण होतो. त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळ्यांच्या बाबतीत सुरक्षित मानली जाते. आणि कुणी घेऊ नये तेही पक्कं आहे. स्तनाचा कॅन्सर झालेली, पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली, यकृताचा चालू आजार असलेली, आणि कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेली स्त्री.

त्यांच्यासाठीही रस्ता बंद नाही. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफा कमी करतात, गॅबापेंटिन या फिट्सवरच्या औषधाचाही उपयोग होतो. चिठ्ठीवर नैराश्याच्या औषधाचं नाव बघून 'मला वेडी समजले' असं वाटून घेऊ नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पॅरॉक्सेटिन हे वाफांवर दिलं जाणारं औषध टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. जाहिरातीतली गोळी किंवा शेजारणीची उरलेली गोळी, दोन्ही नकोत.

'पिशवी काढून टाका'

आपल्या राज्यात हा विषय बोलताना बीड टाळता येत नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडालं की खाड्याचा दंड बसतो. पाळीत फडात उभं राहणं कठीण, पाणी नाही, आडोसा नाही. पोटात दुखतंय, पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की सांगितलं जायचं, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशी-पस्तिशीच्याही होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असं सांगितलं.

पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. चार-पाच वर्षांत हळूहळू होणारा बदल त्या बाईला टाके निघायच्या आत सोसावा लागतो, आणि वाफा, हाडांची झीज, हृदयाचा धोका, सगळं जास्त तीव्रतेने येतं. बीजांडकोश ठेवले तरी ते सरासरीने काही वर्षं लवकर थकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा: नेमका आजार काय? औषधाने बरं होणार नाही का? बीजांडकोशही काढणार का, आणि का? जास्त रक्त जाण्यावर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, तांबीसारखी गर्भाशयात बसवायची आणि हार्मोन सोडत राहणारी वस्तू आहे. नुसतं अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. आणि ज्यांचे बीजांडकोश पंचेचाळिशीच्या आत गेलेच आहेत, त्यांनी निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावेत का, हे विचारायला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. हे त्यांना फार क्वचित कुणी सांगितलेलं असतं.

हाडं

हाडांचं दुखणं आवाज करत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि बाईला ते कळतं मोरीत पाय घसरून मनगट मोडल्यावर. या वयात दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे नाचणीच्या दोन मध्यम भाकऱ्यांत तेवढं येतं. दोन कप दूध किंवा दह्यात साडेचारशे-पाचशे. वर तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, आणि कोकणात असाल तर काट्यासकट खायची बारीक मासळी. बेरीज जुळते, फक्त दूध घरातल्या पुरुषांना आणि मुलांना देऊन उरलंसुरलं आपण, हा हिशेब बदलावा लागतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. रोज भरभर चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे व्यायाम, पाण्याच्या बाटल्या घेऊन केले तरी चालतात. 'घरकामात होतो तेवढा व्यायाम' हे हाडांना पुरत नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल, पाळी लवकर गेली असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर डेक्सा नावाची हाडांची तपासणी करून घ्यावी.

बारा पानांनंतरचा एक डाग

आता ज्यासाठी मी प्रत्येक बैठकीत आवाज चढवते ते. बारा महिने कोरे गेल्यानंतर एकदाही रक्त दिसलं, एक थेंब, एक गुलाबी डाग, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. 'पाळी परत आली' असं बायका म्हणतात, काही जणी तर खूशही होतात. पाळी परत येत नसते. अशा १०० पैकी ९० जणींमध्ये कारण साधं निघतं, कोरडेपणा, मस्सा, असं काही. पण उरलेल्या नऊ-दहा जणींत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असतो, आणि तो लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते, जास्त असेल तर तुकडा तपासतात. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या तोंडाची, स्तनांची आणि तोंडाची कॅन्सर तपासणी मोफत असते. आशाताईंना विचारलं तर दिवस सांगतात.

मागच्या वर्षी एक बाई आल्या. सोळा महिने काही नव्हतं, आणि एका सकाळी परकरावर डाग. घरात धाकट्या दिराचं लग्न तोंडावर होतं, त्यामुळे तीन आठवडे कुणाला बोलल्या नाहीत. शेवटी सुनेला सांगितलं. सून त्यांना घेऊन आली, आणि पिशवीतून तिने दोन वर्षांची कॅलेंडरं गुंडाळी करून आणली होती. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरून पाहिली, कुठलाच प्रश्न दोनदा विचारावा लागला नाही. गर्भाशयात मस्सा होता, काढला, तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. आता त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा असतात. लाल पेनाची फुली सुनेची. निळं टिंब सासूबाईंच्या वाफांचं, आणि या पावसाळ्यात ते चार-पाच चौकटींपुरतंच उरलं आहे.